आहारमान, स्थूलताशस्त्रक्रियेनंतरचे : इतिहास

अतिस्थूल व्यक्तीच्या जठराचा आकार शस्त्रक्रियेने कमी केल्यावर किंवा अन्नाचा मार्ग बदलल्यावर तिने किती, कोणते व कोणत्या क्रमाने अन्न घ्यावे, याविषयीच्या नियमांना स्थूलताशस्त्रक्रियेनंतरचे आहारमान म्हणता येईल. ही शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असली, तरी तिच्या आहारमानामागील विचार त्याहून बराच जुना आहे. त्यात तीन प्रवाह एकत्र आले आहेत : आजारानंतर अन्न क्रमाक्रमाने वाढविण्याचा वैद्यकातील पथ्यविचार, दुष्काळात व उपासमारीत माणसाला किमान किती अन्न पुरते याविषयीचा प्रशासकीय व शास्त्रीय वाद, आणि जठराच्या रोगांवरील शस्त्रक्रियांतून आलेला अनुभव. यांतील दुसऱ्या प्रवाहाशी महाराष्ट्राचा, त्यातही सोलापूरसारख्या पर्जन्यछायेतील जिल्ह्याचा, निकटचा संबंध आहे. [⟶ आहार व आहारशास्त्र, दुष्काळ, सोलापूर जिल्हा].

संकल्पना व मापे : ‘मात्रा’ हा शब्द संस्कृत वैद्यकग्रंथांत अन्न व औषध या दोहोंच्या प्रमाणासाठी येतो. मराठी व्यवहारात मात्र अन्नाचे प्रमाण तोंडाने सांगण्याची रीत वेगळी होती. शिजविलेले अन्न घास, मूद, पळी, वाटी व भाकरी यांनी मोजले जाई, तर कोरडे धान्य चिपटे, मापटे, शेर, पायली व मण या मापांनी. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली, असा हिशोब सामान्यतः चाले. मात्र शेराचे माप गावोगाव निरनिराळे असे. एका माणसाला एक वेळ पुरेल इतक्या कोरड्या जिनसांना ‘शिधा’ म्हणत. शिध्याची कल्पना पुरेशा अन्नाची आहे. पथ्याची कल्पना पचेल तेवढ्या अन्नाची आहे. स्थूलताशस्त्रक्रियेनंतर या दोन कल्पनांत विरोध उत्पन्न होतो, कारण पचेल व मावेल एवढे अन्न शरीराच्या सर्व गरजांना पुरेसे नसते. या शस्त्रक्रियेनंतरच्या आहारमानाचा सारा प्रश्न या विरोधातून निर्माण झाला आहे.

प्राचीन भारतीय विचार : चरकसंहितेच्या विमानस्थानातील ‘त्रिविधकुक्षीय’ अध्यायात जठराच्या अवकाशाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी व एक वातादी दोषांसाठी मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात चार भाग मानले असून दोन अन्नाला, एक पेयाला व एक वायूला दिला आहे. दोन्ही ग्रंथांत मात्रा ही अन्नाच्या वजनावर नव्हे, तर खाणाऱ्याच्या अग्निबलावर ठरते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल व्यक्तीच्या आठ व्यथा सांगितल्या असून त्यांत अल्पायुष्य, हालचालींतील मंदपणा, दौर्बल्य, अतिशय भूक व अतिशय तहान यांचा समावेश आहे. अशा व्यक्तीसाठी पोट भरलेले ठेवणारे, पण शरीराचे पोषण कमी करणारे अन्न सुचविले असून जव, मूग, कुळीथ, सावे व ताक यांचा त्यात उल्लेख येतो.

आजारातून उठणाऱ्या व्यक्तीच्या आहाराविषयी ‘संसर्जनक्रम’ ही कल्पना विशेष महत्त्वाची आहे. वमन किंवा विरेचन या शोधनक्रियांनंतर अग्नी मंद झालेला असतो, म्हणून प्रथम पेया (भरपूर पाण्यात शिजविलेली, थोडी शिते असलेली पेज), नंतर विलेपी (दाट पेज), त्यानंतर मीठ व स्नेह न घातलेले कढण, मग ते घातलेले कढण आणि शेवटी मांसरस, असा क्रम दिला आहे. उत्तम शोधन झाले असल्यास हा क्रम बारा अन्नकाळ, म्हणजे सुमारे सात दिवस, चालतो. मध्यम व अल्प शोधनात तो पाच व तीन दिवसांवर येतो. लहानशा विस्तवावर प्रथम वाळके गवत व शेणकूट घालून तो वाढवावा लागतो, तसाच जठराग्नीही हळूहळू वाढवावा, असा दृष्टांत तेथे आहे.

पोटावरील प्रत्यक्ष शस्त्रकर्मानंतरच्या आहाराचेही उल्लेख सापडतात. सुश्रुतसंहितेत आतड्यातील अडथळा दूर करण्यासाठी उदर उघडण्याचा विधी वर्णिला असून त्यानंतर रोग्याला केवळ दुधावर ठेवावे, असे सांगितले आहे. जलोदरात पाणी काढल्यावर सहा महिने दूध, पुढे तीन महिने दुधाबरोबर पेया व त्यानंतर तीन महिने दुधाबरोबर सावा किंवा हरीक यांसारखे हलके अन्न मिठावाचून द्यावे, असा वर्षभराचा क्रम चरकसंहितेत आहे. या उपचारांचा स्थूलतेशी संबंध नाही. मात्र द्रव, दाट द्रव, मऊ व घन हा क्रम आणि घाई केल्यास अपाय होतो ही जाणीव, या दोन गोष्टी त्यांत स्पष्ट आहेत. मराठी घरांतील आजाऱ्याची पेज, मुगाचे कढण व मऊ भात या पथ्याच्या अन्नाचा क्रमही याच धर्तीचा आहे.

दुष्काळ व शिधामान. सोलापूरचा अनुभव : माणूस किती कमी अन्नावर जगू शकतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात दुष्काळी प्रशासनाने आकड्यांत मांडला. सोलापूर जिल्ह्याची शेती मुख्यतः रब्बीची असून ज्वारी हे तेथील मुख्य अन्न आहे. परतीचा पाऊस चुकला की जिल्ह्याचे अन्नच चुकते. १८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील सोलापूर, विजापूर, अहमदनगर, पुणे व सातारा या जिल्ह्यांना मोठी झळ पोहोचली व हजारो लोक तलाव आणि रस्ते यांच्या मदतकार्यांवर आले.

जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळपाहणीसाठी विशेष प्रतिनिधी म्हणून पाठविले. १८७४ च्या बिहारमधील टंचाईत मदतीवर फार खर्च केला, अशी टीका त्यांच्यावर झाली होती. या वेळी त्यांनी मद्रास इलाख्यात पुरुष मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली. ‘टेंपल मजुरी’ या नावाने ती कुप्रसिद्ध झाली. मुंबई इलाख्यातही धान्याच्या दराप्रमाणे बदलणारी मजुरी ठरविताना एक पौंड धान्य हेच मूळ प्रमाण धरण्यात आले. मजुरीतील कपात व दूरच्या कामांवर जाण्याची सक्ती यांमुळे १८७७ च्या आरंभी दख्खनमधील अनेक मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने दुष्काळी भागातील स्थितीची माहिती गोळा करून सरकारला कळविली आणि अपुऱ्या मजुरीविरुद्ध निवेदने केली.

मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी टेंपल यांच्या प्रमाणावर शास्त्रीय आक्षेप घेतले. तुरुंगातील कैद्यांना मिळणाऱ्या अन्नाशी तुलना करून त्यांनी असे दाखविले, की केवळ एक पौंड धान्यात नायट्रोजनयुक्त घटक, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिने, फार कमी पडतात व काम करणारे शरीर आपलेच स्नायू खर्च करू लागते. मद्रास सरकारला पुढे हे प्रमाण वाढवावे लागले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने शिधा ठरविताना धान्याबरोबर डाळीचाही विचार केला व त्यानंतर प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. अन्नाचे प्रमाण ठरविताना केवळ पोट भरणे पाहू नये, त्यातील प्रथिनेही पाहावीत, हा मुद्दा भारतात सार्वजनिक वादाचा विषय प्रथम या दुष्काळात झाला.

आजच्या अन्नघटक कोष्टकांनुसार एक पौंड (सु. ४५४ ग्रॅ.) ज्वारीतून सु. १,५८० कॅलरी व सु. ४७ ग्रॅ. प्रथिने मिळतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल कमी असल्याने तिला डाळीची जोड लागते. हे लक्षात घेतले म्हणजे कॉर्निश यांच्या आक्षेपाचे वजन कळते.

सोलापूर जिल्ह्यात १८९६–९७ व १८९९–१९०० मध्ये पुन्हा मोठे दुष्काळ पडले. १९७२–७३ च्या महाराष्ट्रातील अवर्षणातही हा जिल्हा होरपळला. त्या वेळी रोजगाराच्या कामांबरोबर पीठ व गूळ यांपासून केलेली सुकडी वाटण्यात आली. शिध्याला पूरक म्हणून तयार पौष्टिक अन्न देण्याचा हा प्रयोग ग्रामीण महाराष्ट्राच्या स्मरणात अद्याप आहे.

उपासमारीचा शास्त्रीय अभ्यास : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ यांनी १९४४–४५ मध्ये ३६ निरोगी स्वयंसेवकांवर अर्धोपासाचा प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना रोज सरासरी सु. १,५७० कॅलरींचा आहार दिला गेला. त्यांचे वजन सु. एक-चतुर्थांशाने घटले, औदासीन्य, थंडी वाजणे, अशक्तपणा व अन्नाचा अहोरात्र विचार ही लक्षणे दिसू लागली. या आहाराची ऊर्जा टेंपल यांच्या एक पौंड धान्याच्या ऊर्जेइतकीच होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शास्त्रज्ञांनी ज्या प्रमाणाला अर्धोपास म्हटले, तेच प्रमाण अडुसष्ट वर्षांपूर्वी माती खणणाऱ्या माणसाची मजुरी म्हणून ठरविण्यात आले होते. प्रयोगाचे निष्कर्ष १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास प्राणाला धोका पोहोचतो, हे दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या व छळछावण्यांतून सुटलेल्या लोकांच्या बाबतीत दिसून आले. अन्न मिळू लागताच रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि थायामीन (ब१ जीवनसत्त्व) अपुरे पडते. त्यामुळे हृदयाच्या क्रियेत बिघाड होऊ शकतो. स्थूलताशस्त्रक्रियेनंतर काही दिवस उलट्या होऊन अन्न न घेतलेल्या रुग्णाच्या बाबतीत हेच ज्ञान आज उपयोगी पडते.

भारतात मद्रास इलाख्यातील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी सुरू केलेल्या पोषणसंशोधनातून पुढे राष्ट्रीय पोषण संस्था विकसित झाली; ती आता हैदराबाद येथे आहे. ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. पुण्यातही अन्नाच्या किमान प्रमाणाचा वाद झाला. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची मर्यादा ठरविताना माणशी रोज २,२५० कॅलरींचे प्रमाण धरले, तर पां. वा. सुखात्मे यांनी असा विचार मांडला, की एकाच व्यक्तीची गरज दिवसेंदिवस बदलते व शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून एकच सरासरी आकडा सर्वांना लावणे योग्य नाही. हा वाद दारिद्र्याविषयी होता. तथापि गरज ही एका ठिपक्याप्रमाणे नसून पट्ट्याप्रमाणे असते, ही त्यातील दृष्टी वैयक्तिक आहारमानालाही लागू पडते.

जठरशस्त्रक्रियेतून आलेला अनुभव : व्हिएन्ना येथे टेओडोर बिलरोट यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी कर्करोगग्रस्त जठराचा भाग यशस्वीपणे काढला. जठर अंशतः वा पूर्णतः नसतानाही मनुष्य खाऊ शकतो, हे त्यानंतरच्या दशकांत निश्चित झाले. जठरव्रणासाठी ही शस्त्रक्रिया विसाव्या शतकात सर्रास होऊ लागली, तेव्हा तिचे आहारविषयक परिणामही दिसू लागले. गोड किंवा अतिद्रव अन्न जठरातून आतड्यात एकदम उतरल्याने जेवणानंतर घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब व गळून गेल्याची भावना होते. १९२२ मध्ये चार्ल्स मिक्स यांनी या लक्षणसमूहास ‘डंपिंग’ हे नाव रूढ केले. यावर सापडलेले उपाय साधे होते : थोडे थोडे व अनेकदा खावे, साखर टाळावी, प्रथिने वाढवावीत आणि जेवताना पाणी पिऊ नये. आज स्थूलताशस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या सूचनांचा गाभा हाच आहे.

स्थूलताशस्त्रक्रिया : अमेरिकेत १९५४ मध्ये क्रेमेन व त्यांचे सहकारी यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६० नंतर मध्यांत्र व शेषांत्र जोडण्याची शस्त्रक्रिया काही काळ प्रचारात होती. तिच्यात खाण्यावर बंधन नसे. खाल्लेले अन्न शोषले जात नसल्याने वजन उतरे. परंतु सतत जुलाब, मूतखडे, जीवनसत्त्वांचे अभाव व यकृताचा ऱ्हास यांमुळे १९८० च्या सुमारास ती मागे पडली. आहाराचे प्रमाण न बदलता वजन कमी करण्याचा हा मार्ग होता व तो घातक ठरला.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही, या निरीक्षणावरून १९६६ मध्ये जठराचा लहान कप्पा करून तो आतड्याला जोडण्याची ‘गॅस्ट्रिक बायपास’ शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे इटलीत स्कोपिनारो यांनी १९७९ मध्ये पित्त व स्वादुरस यांचा मार्ग वळविण्याची पद्धत मांडली; कुझमॅक यांनी १९८६ मध्ये जठराभोवती कमी-अधिक आवळता येणारा पट्टा वापरला; १९९४ मध्ये विटग्रोव्ह व क्लार्क यांनी बायपास शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साहाय्याने केल्याचे प्रसिद्ध केले. सध्या सर्वाधिक केली जाणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया प्रारंभी एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. तेवढ्यानेच पुरेसे वजन उतरते, असे दिसून आल्यावर ती स्वतंत्रपणे होऊ लागली. तिच्यात जठराचा सु. तीन-चतुर्थांश भाग काढून नळीसारखा अरुंद भाग ठेवतात.

आरंभी या शस्त्रक्रियांचा परिणाम केवळ जागा कमी केल्याने होतो, असे मानले जाई. १९९९ मध्ये कोजिमा व कांगावा यांनी भूक वाढविणारे ‘घ्रेलिन’ हे हॉर्मोन शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते व स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर त्याचे प्रमाण घटते. आतड्यातील तृप्ती देणारी हॉर्मोनेही शस्त्रक्रियेनंतर वाढतात. त्यामुळे मिनेसोटातील स्वयंसेवकांना छळणारी भूक या रुग्णांना सुरुवातीच्या काळात सहसा जाणवत नाही. हा फरक सुखाचा असला, तरी त्यात एक धोका आहे : भूक नसल्याने आवश्यक प्रथिनेही घेतली जात नाहीत.

भारतातील परिस्थिती : शस्त्रक्रिया कोणावर करावी याचे निकष १९९१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने ठरविले. उंचीच्या वर्गाशी वजनाचे प्रमाण दाखविणारा देहभार निर्देशांक ४० किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, अशी मर्यादा त्यांत होती. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह व हृद्‌विकार जडतात, म्हणून येथे या मर्यादा पुढे खाली आणण्यात आल्या. या बाबतीत पुण्यातील चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन उल्लेखनीय आहे. २००४ मध्ये त्यांनी व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे दिली : दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही स्नायू कमी व चरबी अधिक असते, असा त्याचा अर्थ होता. मुळात स्नायू कमी असलेल्या व्यक्तीचे वजन झपाट्याने उतरताना उरलेले स्नायू राखणे अधिक निकडीचे ठरते. एकविसाव्या शतकात मुंबई व पुणे येथे ही शस्त्रक्रिया रुळली. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करून आपल्या गावी परतणाऱ्या रुग्णाला मात्र आहाराचे सारे नियम घरच्या चुलीवर व घरच्या भांड्यांनी पाळावे लागतात.

आहाराचे टप्पे : शस्त्रक्रियेनंतरचा आहार साधारणपणे चार टप्प्यांनी वाढवितात. पद्धत, रुग्णालय व रुग्णाची स्थिती यांनुसार कालावधी बदलतो व तो शल्यचिकित्सक आणि आहारतज्ञ यांनीच ठरवावयाचा असतो. पहिले एक-दोन दिवस पाणी, शहाळ्याचे पाणी, डाळीचे वरचे निवळ पाणी यांसारखे पदार्थ घोटाघोटाने देतात. त्यानंतर सु. दोन आठवडे दूध, पातळ ताक, गाळलेले कढण व प्रथिनांची भुकटी मिसळलेली पेये. पुढचे काही आठवडे घोटलेले वरण, दही, मऊ पनीर किंवा अंडे. आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर नेहमीचे, पण नीट चावलेले अन्न, असा क्रम असतो. निरोगी प्रौढाच्या जठरात सु. एक ते दीड लिटर अन्न मावते. बायपासनंतरच्या कप्प्यात आरंभी सु. १५ ते ३० मिलि. म्हणजे दोन-चार चमचेच मावतात. स्लीव्हनंतर ही धारणा याहून काहीशी अधिक असते. पहिल्या काही आठवड्यांत ऊर्जा हजार कॅलरींहून बरीच कमी मिळते. पण प्रथिने मात्र रोज किमान ६० ग्रॅ. मिळावीत, असा संकेत आहे. टेंपल यांच्या मजुरीत ऊर्जा याहून जास्त व प्रथिने कमी होती. रुग्णाजवळ चरबीचा साठा असतो, मजुराजवळ तो नव्हता. म्हणून ऊर्जेची तूट एकाला उपकारक व दुसऱ्याला मारक ठरते. प्रथिनांची तूट मात्र दोघांनाही मारक असते.

सोलापूरच्या नेहमीच्या जेवणाचा या दृष्टीने विचार केल्यास काही गोष्टी सोयीच्या व काही अडचणीच्या दिसतात. मोहोळ येथील संशोधन केंद्राशी निगडित असलेली मालदांडी ३५–१ ही रब्बी ज्वारी आणि २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी हे या जिल्ह्याचे मुख्य धान्य. ज्वारीच्या ताकातल्या मऊ कण्या व पातळ आंबील तिसऱ्या टप्प्याला जवळची आहेत. पण त्यांत प्रथिने थोडी असल्याने आधी वरण किंवा दही खाऊन मगच त्या घ्याव्या लागतात. ताजी भाकरी उशिरा सुरू करतात, कारण नीट न चावलेला तुकडा अरुंद जठरात अडकून वेदना व उलटी होते. कडक भाकरी वरणात किंवा आमटीत पूर्ण भिजवून खाता येते. शेंगदाण्याच्या चटणीत प्रथिने असली, तरी वसा फार असल्याने थोड्या घासांतच पुष्कळ ऊर्जा जाते. ऊर्जेचे मान पाळणाऱ्याने ती चमच्याने मोजूनच घ्यावी लागते. हुग्गी किंवा शेंगापोळी यांसारखे गोड पदार्थ बायपासनंतर डंपिंगची लक्षणे उत्पन्न करू शकतात. पाणी दिवसभर घोटाघोटाने, पण जेवणापासून सु. अर्धा तास अंतर ठेवून प्यावे लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा नियम विशेष कठीण जातो व पाण्याची तूट होऊ न देण्याकडे लक्ष पुरवावे लागते.

अन्नाचे प्रमाण कायमचे कमी झाल्याने व शोषण बदलल्याने ब१२, ड व ब१ ही जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम औषधरूपाने दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, घ्यावे लागतात. शाकाहारी लोकसंख्येत ब१२ ची कमतरता आधीच आढळते. पुण्यातील अभ्यासांतही ती दिसून आली आहे. वारंवार उलट्या होणाऱ्या रुग्णात ब१ च्या अभावाने मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे अशी उलटी ‘पथ्य मोडल्याची शिक्षा’ म्हणून सहन न करता तत्काळ वैद्यकीय साहाय्य घेणे आवश्यक असते.

सामाजिक बाजू : अन्नाचे प्रमाण ही महाराष्ट्रात केवळ शरीराची बाब नाही. पंगतीत वाढप्याने आग्रह करणे व पाहुण्याने आणखी एक पोळी घेणे हा आदरसत्काराचा भाग आहे. पानात टाकणे हा अन्नाचा अपमान मानला जातो. दुष्काळाची आठवण जपणाऱ्या कुटुंबांत तर ताटातला शेवटचा घास संपविण्याची शिस्त लहानपणीच लागते. चार घासांत तृप्त होणाऱ्या रुग्णाला या दोन्ही संकेतांशी जुळवून घ्यावे लागते. मूळ वाढणीच कमी ठेवणे, लहान वाटी व लहान चमचा वापरणे आणि घरच्यांनी आग्रह न करणे, हे उपाय आहारतज्ञ सुचवितात. स्वयंपाक करणारी व्यक्ती स्वतःच रुग्ण असेल, तर तिचे वेगळे टप्प्याटप्प्याचे अन्न कोण शिजविणार, हा प्रश्नही पुष्कळ घरांत उभा राहतो.

मूल्यमापन : स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या स्थूल व्यक्तींचा मृत्युदर तुलनेने कमी आढळला; २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र काही रुग्णांचे वजन काही वर्षांनी पुन्हा वाढते. हळूहळू जठराची धारणा वाढणे, सतत थोडेथोडे गोड वा तळलेले खात राहणे आणि तपासणीला न येणे ही त्याची काही कारणे आहेत. भूक कमी करणारी नवी औषधे एकविसाव्या शतकात उपलब्ध झाली असून त्यांच्यामुळेही थोड्या अन्नात पुरेशी प्रथिने कशी बसवावीत, हाच प्रश्न पुढे आला आहे.

कॉर्निश यांनी दुष्काळी मजुरांच्या संदर्भात घेतलेला आक्षेप अशा रीतीने नव्या स्थितीतही टिकून आहे. अन्न कमी करण्याचे कारण टंचाई असो वा उपचार, प्रमाण ठरविणाऱ्याने त्यातील घटक मोजले नाहीत, तर शरीर ती तूट आपल्या स्नायूंतून भरून काढते. म्हणून स्थूलताशस्त्रक्रियेनंतरचे आहारमान वजनकाट्यावरील उतारावरून पारखणे अपुरे ठरते. रुग्णाचे बळ, रक्तातील घटक व त्याचे रोजचे जगणे यांवरूनच ते योग्य आहे की नाही, हे ठरते. [⟶ जठर, जीवनसत्त्वे, पथ्यापथ्य, स्थूलता].